मीटर २३० दाखवते, मग टीव्ही कशाने उडतो?

"मीटरवर तं दोनशेतीसच हाय, मंग टीव्ही कावून उडला?" विदर्भातल्या खेड्यांत हा प्रश्न पावसाळ्यात हमखास ऐकू येतो आणि विचारणारा बरोबरच असतो, कारण मीटर खरंच २३० दाखवत असते. पण ते २३० म्हणजे लाईनचं सगळ्यात जास्त व्होल्टेज नाही. एसी सेकंदाला ५० वेळा वरखाली होते आणि तेवढीच उष्णता देणारी डीसी किती, तो हिशोब म्हणजे २३०. प्रत्येक लाटेचं टोक १.४१४ पट वर, म्हणजे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. स्वस्तातलं मल्टीमीटर तर लाटेची सरासरी काढून तिला १.११ ने गुणते, लाट वाकडी असली की तो आकडाही चुकतो.

आता टीव्हीच्या आतल्या सप्लायला सरासरीशी देणंघेणं नाही. डायोड ब्रिजमधून (चार डायोडची जोडणी, लाटेचा उलटा अर्धा भागही सुलटा करते) येणाऱ्या लाटेच्या टोकापर्यंत त्याचा मोठा कपॅसिटर भरतो, आणि त्यावर बहुतेक वेळा ४०० व्होल्ट ही सहन करायची मर्यादा छापलेली असते. लाईन २८३ झाली की टोक ४०० ला पोचलं. डीपीवर न्यूट्रल तुटला तर वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये येतात, ज्या घरात लोड कमी त्या घरात व्होल्टेज ४०० कडे चढते, आणि टोक ५६५ च्या आसपास. म्हणून एकाच रात्री एका घरचा टीव्ही जातो आणि शेजारच्या घरी नुसते बल्ब मंद होतात.

हे टोक पकडणारं सर्किट मला फार आवडते, कारण मुळात त्यात दोनच पार्ट आहेत, एक डायोड आणि एक कपॅसिटर. विहिरीतल्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो पण मागे येऊ देत नाही, डायोड तेच काम करतो. लाट चढते तेव्हा कपॅसिटर भरतो, लाट उतरली की डायोड बंद, आणि टोकाचं व्होल्टेज कपॅसिटरवर तसंच अडकून राहते. पण कायमचं अडकलं तर उद्याही कालचंच टोक दिसेल, म्हणून त्याला एक रेझिस्टर आडवा जोडतात, हळूहळू गळायला. १ मायक्रोफॅरड आणि १ मेगओहम घेतले तर दोघांचा गुणाकार, म्हणजे गळण्याचा वेग सांगणारा टाइम कॉन्स्टंट, १ सेकंद. ब्रिजनंतर टोक दर १० मिलिसेकंदाला येते, तेवढ्यात फक्त १ टक्का गळते. रेझिस्टर १०० किलोओहमचा लावला तर जवळपास १० टक्के गळते आणि वाचन नाचायला लागते. सगळी कला या एका गुणाकारात आहे!

थेट लाईनवर हे करू नका, १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा. १२ चं टोक १७, ब्रिजमधले दोन डायोड १.४ खातात, उरले साधारण १५.५. लाईन २७० झाली की तेच १८.५ होते. हलक्या लोडवर ट्रान्सफॉर्मर छापल्यापेक्षा जास्त देतो, तेव्हा प्रिसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून सेट करावंच लागते. डायोडचा खाऊही नको असेल तर त्याला ऑपअँपच्या (व्होल्टेज वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकच्या आत घालतात, मग ०.७ व्होल्टची चूक ऑपअँपच्या गेनने भागली जाते आणि उरतच नाही. पण डायोड बंद असताना ऑपअँपचं आउटपुट खालच्या रेलला, म्हणजे सप्लायच्या तळाला, चिकटून बसते, तिथून परत यायला त्याला वेळ लागतो. ५० हर्ट्झला हे चालते, विजेच्या कडकडाटातल्या मायक्रोसेकंदाच्या स्पाइकला एलएम३५८ (दोन ऑपअँप असलेली स्वस्त चिप) पुरत नाही, तिथे एमओव्हीच, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज स्वतःत जिरवणारा पार्ट, लागतो.

बाजारात वीज वाचवणारा म्हणून जो प्लग विकतात, 'टीव्हीपण वाचवते' असंही सांगतात, तसल्या प्लगमध्ये लाईनवर आडवा लावलेला कपॅसिटर आणि एक एलईडी असते. तो काही मोजत नाही, काही तोडतही नाही, आणि घरगुती मीटर खरी खपलेली ऊर्जाच मोजते म्हणून बिलही कमी होत नाही.

आपल्या सर्किटात मात्र एलएम३५८ चा दुसरा अर्धा भाग कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा, करायचा, टोक ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की रिले लाईन तोडते. रिलेचे कॉन्टॅक्ट हलायला ५-१० मिलिसेकंद लागतात, न्यूट्रल तुटल्यावर तेवढा वेळ बहुतेकदा मिळतो. आणि व्होल्टेज खाली आलं की रिले लगेच परत जोडू देऊ नका, फ्रिज असेल तर तीन मिनिटं थांबवा, कंप्रेसरमधलं प्रेशर उतरायला तेवढा वेळ पाहिजेच.