साइडकार: ब्रँडीच्या एका कॉकटेलची पाळंमुळं

घरी ब्रँडीचं जुनं, नावाजलेलं कॉकटेल करायचं म्हटलं की साइडकारचं नाव हमखास निघतं. ब्रँडी, संत्र्याच्या सालीचं लिक्युर (म्हणजे गोड मद्य) आणि लिंबाचा रस हे तीन जिन्नस बर्फासोबत शेकरमध्ये हलवायचे आणि गाळून प्यायचे. त्यासोबत एक किस्साही ऐकायला मिळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात एक लष्करी कॅप्टन म्हणे मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून पॅरिसच्या बारमध्ये यायचा आणि त्याच्यासाठी हे पेय बनलं. किस्सा छान आहे, पण या पेयाचं मूळ त्याच्या निदान अर्धशतक आधीचं आहे, आणि ते पॅरिसमध्ये नाही, न्यू ऑर्लिन्समध्ये आहे.

तिथे 1850च्या दशकात जोसेफ सँतिनी नावाचा बारमालक ‘ब्रँडी क्रस्टा’ देत असे. अमेरिकन बारटेंडर जेरी थॉमसच्या 1862च्या पुस्तकात त्याची कृती छापलेली आहे. छोट्या वाइन ग्लासच्या कडेला लिंबू फिरवून साखर लावायची, लिंबाची लांबच लांब साल आतून गोल बसवायची आणि मग ब्रँडी, थोडं क्युरासाओ (संत्र्याच्या सालीचं लिक्युर), बिटर्स (मसाले-मुळांचा कडू अर्क) व किंचित लिंबाचा रस. हा किंचित रसच मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तोवर कॉकटेल म्हणजे दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. लिंबाची जागा पंच या दुसऱ्या प्रकारच्या मिश्र पेयात होती. सँतिनीने ती वेस ओलांडली.

पुढे ब्रँडीवरच संकट आलं. फायलॉक्सेरा या मुळं पोखरणाऱ्या किडीने 1870च्या दशकापासून फ्रान्समधल्या कोन्याक या ब्रँडीच्या प्रदेशातले द्राक्षमळे उजाड केले आणि ब्रँडीची जागा बरीचशी व्हिस्कीने घेतली. अमेरिकन मुळांवर कलमं बांधून मळे पुन्हा उभे राहायला कित्येक वर्षं गेली. त्याच 1870च्या दशकात फ्रान्सच्या आँजे शहरात क्वांत्रो हे संत्र्याच्या सालीचं नवं लिक्युर तयार झालं. स्वच्छ, पारदर्शक आणि जुन्या क्युरासाओपेक्षा कमी गोड.

साइडकार छापील रूपात दिसतं ते 1922 मध्ये. हॅरी मॅकेलहोन आणि रॉबर्ट व्हर्मेर या दोन बारटेंडरांच्या पुस्तकांत लंडनच्या बक्स क्लबमधल्या मॅकगॅरी या बारटेंडरचं नाव येतं. प्रमाण तिन्हींचं सारखंच होतं. 1930 मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या पुस्तकाने ब्रँडी दुप्पट केली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. समान भागांत ब्रँडी पार दबून जाते. त्याच दशकात कडेची साखरही परतली, थेट क्रस्टाची आठवण देत.

आज घरी करताना सॅव्हॉयचंच प्रमाण धरावं: 50 मिली ब्रँडी, 25 मिली क्वांत्रो, 25 मिली लिंबाचा रस. फक्त ही प्रमाणं युरोपातल्या मोठ्या पिवळ्या लिंबाची आहेत. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, म्हणून 15 ते 20 मिलीपासून सुरुवात करून चव बघावी. साखर अर्ध्याच कडेला लावली तर गोड घोट घ्यायचा की नाही, हे पिणाऱ्याला ठरवता येतं. आणि बाटली घेताना लेबल नीट वाचावं. आपल्याकडे ब्रँडी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत मळीपासूनचा मद्यार्कच जास्त असतो. क्वांत्रो आणि लिंबापुढे टिकायला ब्रँडी द्राक्षांचीच हवी.