दहशतवाद, सुरक्षा मदत आणि परकीय गुंतवणूक (पाकिस्तान)

शेअर एका दिवसात विकता येतात. कारखान्यात किंवा वीजकेंद्रात घातलेला पैसा तसा काढून घेता येत नाही. म्हणून घातपात वाढले की नवा प्रकल्प आखणारी परदेशी कंपनी आधी थबकते. तिच्या हिशेबात स्फोटाने झालेली मोडतोड हा लहान आकडा असतो. खरा भार रोजचा : चढा विमा हप्ता, सशस्त्र पहारा, लांबलेली मुदत, यायला नकार देणारे तंत्रज्ञ.

पाकिस्तानात थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे परदेशी कंपन्यांनी उद्योगांत घातलेला असा पैसा, २००७-०८ मध्ये सुमारे ५.४ अब्ज डॉलर होती; २०११-१२ मध्ये ती एक अब्जाच्याही खाली गेली. जागतिक मंदी, वीजटंचाई आणि राजकीय अस्थैर्य याच काळातले असल्याने सगळी घसरण दहशतवादाच्या खात्यावर टाकणे चूक ठरेल.

याच वर्षांत पाकिस्तानला अमेरिकेची सुरक्षा मदत चालू होती. तिचा मोठा भाग ‘कोअलिशन सपोर्ट फंड’चा, म्हणजे पाकिस्तानी लष्कराने दहशतवादविरोधी मोहिमांवर आधी केलेल्या खर्चाची भरपाई. अमेरिकी लेखापरीक्षकांनी २००८ मध्ये या दाव्यांची कागदपत्रे अपुरी असल्याचे दाखवले. पण हिशेब चोख असता तरी मूळ अडचण उरतेच. हा पैसा अफगाण सीमाभागातल्या मोहिमांचा होता. कराचीतल्या कारखानदाराचा पहाऱ्याचा खर्च त्याने थेट कमी होत नव्हता. शिवाय धोका आहे तोवरच भरपाई मिळत असेल, तर धोका मुळापासून संपवण्याची निकड मंदावते. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेने सुरक्षा मदत स्थगित केली.

चीन-पाकिस्तान आर्थिक मार्गिकेसाठी (चिनी पैशातून उभे राहणारे रस्ते, वीजकेंद्रे, बंदर) २०१५ नंतर पाकिस्तानी लष्कराने स्वतंत्र सुरक्षा विभाग उभारला. इथे पहारा थेट प्रकल्पाला जोडलेला होता, आणि वीजप्रकल्पांना परताव्याची हमीही होती. धोका असूनही चिनी पैसा आला तो प्रामुख्याने या हमीमुळे. सर्वांसाठी खुल्या उद्योगांना तशी हमी नसते.

अशा बंदोबस्तातला कच्चा दुवा म्हणजे निवास ते कामाची जागा हा रस्ता. दासू जलविद्युत प्रकल्पावरचे ९ चिनी कर्मचारी जुलै २०२१ मध्ये बसवरील हल्ल्यात मारले गेले. मार्च २०२४ मध्ये बेशाम गावाजवळ, दासूलाच निघालेले आणखी ५ चिनी कर्मचारी मारले गेले. ही माणसे कंत्राटदाराची, गुंतवणूकदाराची नव्हेत, तरी जोखमीचा अंदाज बांधताना विमा कंपन्या हा भेद फारसा करत नाहीत. बेशामनंतर दासू आणि दिआमेर-भाशा या दोन्ही धरणांचे काम काही काळ थांबले.