गिल्ख्रिस्ट ऑलिंपियो : टोगोतील विरोधी राजकारणाची पार्श्वभूमी

पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सिल्व्हानस ऑलिंपियो यांची १३ जानेवारी १९६३ रोजी राजधानी लोमे येथे लष्करी उठावात हत्या झाली. त्या उठावात सहभागी असलेल्या न्यासिंग्बे एयादेमा यांनी १९६७ मध्ये सत्ता हाती घेतली आणि २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती सोडली नाही. सिल्व्हानस यांचे पुत्र गिल्ख्रिस्ट यांचे राजकारण याच वैरातून उभे राहिले. मात्र त्यांचा बराचसा काळ परदेशात गेला आणि पुढे हीच गोष्ट त्यांच्याविरुद्ध वापरली गेली.

एकपक्षीय राजवट सैल झाल्यावर १९९२ मध्ये त्यांनी 'यूएफसी' (युनियन ऑफ फोर्सेस फॉर चेंज) हा विरोधी पक्ष स्थापन केला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात देशाच्या उत्तर भागात दौऱ्यावर असताना सूदू येथे त्यांच्या ताफ्यावर गोळीबार झाला. गंभीर जखमी झालेल्या ऑलिंपियोंवर परदेशात उपचार करावे लागले आणि पुढच्या वर्षी, टोगोतील डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली नाही या कारणावरून, त्यांची उमेदवारी नाकारण्यात आली. १९९८ मध्ये ते प्रत्यक्ष रिंगणात उतरले, पण मतमोजणी मध्येच थांबली आणि एयादेमा यांना सुमारे ५२ टक्के, तर ऑलिंपियो यांना सुमारे ३४ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. विरोधकांनी हा निकाल मान्य केला नाही.

डिसेंबर २००२ मधील घटनादुरुस्ती अधिक परिणामकारक ठरली. तिने राष्ट्राध्यक्षपदाच्या कार्यकाळांवरील मर्यादा काढली आणि उमेदवाराने आधीचे बारा महिने देशातच वास्तव्य केलेले असावे अशी अट घातली. त्यामुळे २००३ मध्ये ऑलिंपियो पुन्हा बाद झाले. किमान वयही याच दुरुस्तीने ४५ वरून ३५ वर आणले होते, आणि एयादेमा यांच्या निधनानंतर वयाच्या अडतिसाव्या वर्षी निवडणूक लढवणाऱ्या त्यांच्या पुत्राच्या, फोर न्यासिंग्बे यांच्या, ते उपयोगी पडले, हा योगायोग मानणे कठीण आहे.

यूएफसीने २००७ च्या संसदीय निवडणुकीत ८१ पैकी २७ जागा जिंकल्या. २०१० मध्ये आजारपणामुळे ऑलिंपियो राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवू शकले नाहीत आणि झां-पिएर फाब्र पक्षाचे उमेदवार झाले. निकालाविरुद्ध फाब्र यांचे समर्थक रस्त्यावर असतानाच, मे महिन्यात ऑलिंपियो यांनी सत्ताधाऱ्यांशी करार करून आपल्या पक्षासाठी सात मंत्रिपदे मिळवली. वडिलांच्या मारेकऱ्यांच्या गोटातील म्हणून ज्या घराण्याशी त्यांनी आयुष्यभर झुंज दिली, त्याच्याशीच झालेला हा समझोता अनेक कार्यकर्त्यांना पचला नाही. फाब्र यांनी वेगळा पक्ष काढला, बहुतांश कार्यकर्ते त्यांच्याबरोबर गेले आणि २०१३ मध्ये ९१ जणांच्या संसदेत यूएफसीला केवळ तीन जागा मिळाल्या.