स्ट्रेच केल्याने नेम सोपा होतो का?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गेमिंग कॅफेपासून पोरांच्या ग्रुपपर्यंत नेमबाजीच्या गेमबद्दल एक सल्ला कायम फिरतो: ‘४:३ स्ट्रेच लाव की मर्दा, शत्रू रुंद होतो, गोळी हमखास लागते.’

४:३ स्ट्रेच म्हणजे कमी रुंदीचं, ४:३ प्रमाणाचं चित्र ताणून रुंद पडदाभर दाखवणं. शत्रू रुंद दिसतो, हे खरंच. १२८०×९६० पिक्सेलचं चित्र १९२०×१०८० च्या पडद्यावर उभ्यापेक्षा आडवं १.३३ पट जास्त ताणलं जातं. पण गोळी लागली का, हे गेम नकाशातल्या जागेवरून ठरवतो, पडद्यावरून नाही. शिवाय शत्रू आडवा पळतानाही तितक्याच पटीने वेगात सरकतो.

काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये तपासा. जवळ उभ्या बॉटच्या (संगणक चालवतो त्या खेळाडूच्या) एका खांद्यावरून दुसऱ्यावर नेम न्या, माउस किती सरकला ते पट्टीने मोजा. सेन्सिटिव्हिटी (माउस सरकवल्यावर नेम किती वळतो ते) तीच असेल, तर १२८०×९६० आणि १९२०×१०८० या दोन्ही रिझोल्यूशनला अंतर सारखंच. वर कडेचं दृश्य कापलं जातं, ते वेगळंच. जुन्या ग्राफिक्स कार्डावर फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात, तेवढ्यासाठी मात्र जरूर लावा.