स्थलांतरित कॅन्सर सर्व्हायव्हर्ससाठी मानसिक आधार

परक्या देशात राहताना कॅन्सर झालेल्या माणसांना ट्रीटमेंट चालू असताना आणि ती संपल्यावरही, त्यांची भाषा, श्रद्धा, घरातली पद्धत, व्हिसा-नोकरीची परिस्थिती लक्षात घेऊन दिला जाणारा मानसिक आधार. यात समुपदेशन, सपोर्ट ग्रुप, प्रशिक्षित दुभाषी, सोशल वर्कर आणि त्याच आजारातून गेलेला आपल्या भाषेतला माणूस असं सगळं येतं.

कॅन्सर आणि मन यांचा वेगळा अभ्यास, म्हणजे सायको-ऑन्कॉलॉजी, १९७० च्या दशकात आकाराला आला, त्यात अमेरिकेतल्या डॉ. जिमी हॉलंड यांचं काम पायाभूत मानतात. पुढे १९९० मध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पेशंट नॅव्हिगेशन सुरू केलं, म्हणजे गरीब पेशंटला तपासणीपासून उपचारापर्यंत हात धरून नेणारा माणूस. आज बऱ्याच ठिकाणी स्थलांतरितांसाठी त्यांच्याच समाजातले नॅव्हिगेटर असतात ते याच कल्पनेतून.

ट्रीटमेंट संपली की सगळे अभिनंदन करतात, मग फोन कमी होतात आणि नेमकं तेव्हाच मन खचायला लागतं. आजार परत येईल का ही भीती कुठल्याही सर्व्हायव्हरला असते, फॉलोअपचं स्कॅन जवळ आलं की झोप उडते, पण स्थलांतरित माणसाला त्यात अजून बरंच काही सांभाळावं लागतं. आईवडील हजारो मैल लांब, त्यांना कळू नये म्हणून व्हिडिओ कॉलवर डोक्याला स्कार्फ बांधायचा नाहीतर कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगायचं. व्हिसा किंवा इन्शुरन्स नोकरीला बांधलेला असेल तर थकवा असूनही कामावर जायचं, आणि कागदपत्रं नसतील तर हॉस्पिटलचा फॉर्म भरायचीसुद्धा धास्ती.

खूप नुकसान होतं ते घरातल्या मुलाला दुभाषी केल्यामुळे. डॉक्टर पाच मिनिटं बोलतात, मुलगा आईला एवढंच सांगतो की सगळं ठीक आहे, आई त्याच्या चेहऱ्याकडे बघून काय ते समजते आणि तीही काही विचारत नाही, म्हणजे दोघंही एकमेकांना जपतात आणि दोघंही एकटे पडतात. म्हणून बाहेरचा प्रशिक्षित दुभाषी हवाच, यात तडजोड करू नये.

मानसिक त्रास मोजायला डिस्ट्रेस थर्मॉमीटर नावाची ० ते १० ची पट्टी वापरतात, साधारण ४ किंवा जास्त आला तर पुढे चौकशी करतात. पण डॉक्टरांना कशाला त्रास म्हणून २ सांगणारे खूप असतात. छातीवर दडपण आहे, अंग दुखतं, भूक नाही, असं शरीराच्या तक्रारीतून मनाचं दुखणं सांगणारेही असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर थांबून चालत नाही.

अमुक देशाचे लोक असेच असतात अशी यादी पाठ करून मदत करायला जाणं मात्र चुकीचं, कारण एकाच गावच्या दोन बायकांची देवावरची श्रद्धा आणि नवऱ्याशी बोलायची मोकळीक अगदी वेगळी असू शकते. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टर मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी सांस्कृतिक नम्रतेची कल्पना मांडली, तिचा गाभा हाच की आपल्याला सगळं माहीत आहे असं न धरता शिकत राहायचं. त्याआधी १९७८ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी पेशंटला विचारायचे साधे प्रश्न सुचवले होते: हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते. आजार म्हणजे आपल्या पापाची शिक्षा असं कोणी मनात धरून बसलं असेल तर ते अशा प्रश्नातूनच बाहेर येतं. निदान कोणाला सांगायचं, निर्णय कोण घेणार, हेही आधी पेशंटलाच विचारायचं.

आपल्या भाषेतला सपोर्ट ग्रुप खूप जणांना उभं करतो, पण समाज छोटा असेल तर बातमी पसरायची भीती असते, मुलीच्या लग्नावर परिणाम होईल म्हणून गप्प राहणारेही आहेत. अशांना दुसऱ्या शहरातला फोनवरचा दुभाषी किंवा नाव न सांगता येता येईल असा ऑनलाइन ग्रुप जास्त सोयीचा पडतो.