फोनच्या लाइट सेन्सरने बल्बमधून नेट? नाही हो

2011 मध्ये संशोधक हॅराल्ड हास यांनी टेड टॉकमध्ये लाय-फाय, म्हणजे दिवा झपाट्याने लुकलुकवून उजेडातून डेटा पाठवायचं तंत्र, दाखवलं, तेव्हापासून एक गोष्ट फिरतेय की नुसतं अ‍ॅप टाका, फोनचा लाइट सेन्सर घरातल्या एलईडीमधून फास्ट नेट पकडतो. कसलं काय! तो सेन्सर स्क्रीनचा ब्राइटनेस कमीजास्त करायला असतो, सेकंदाला मोजकीच रीडिंग देतो, आणि लाय-फायचा दिवा सेकंदाला लाखो वेळा लुकलुकतो, त्यामुळे सेन्सरला फक्त सरासरी उजेड दिसतो. ऑटो ब्राइटनेस चालू करून सेन्सरवर बोट ठेवा, स्क्रीन किती आरामात मंद होते बघा. हां, दिवा मुद्दाम सावकाश लुकलुकवला तर थोडा डेटा येतो खरा, पण सेकंदाला 4 बिट धरले तर 1 एमबीच्या फोटोला 23 दिवस. बसा वाट बघत.