केमेतची काळी: पाणी गावांचे, मोजणी राजाची

मराठी गावगाड्यात पिकाऊ जमीन म्हणजे काळी आणि वस्तीची जागा म्हणजे पांढरी. प्राचीन इजिप्शियनांनी तर आपल्या अख्ख्या देशालाच ‘केमेत’, म्हणजे काळी, म्हटले. पलीकडचे वाळवंट ते ‘देशरेत’, तांबडी. या काळीवर पाऊस नावालाच पडे. पाणी यायचे ते इथिओपियाच्या पठारावरच्या पावसाळ्याचे, निळी नाईल आणि अतबारा या नद्यांतून. दक्षिण इजिप्तमधल्या आस्वानपाशी नाईल नदी जूनच्या अखेरीस चढू लागे आणि सप्टेंबरात पूर भरात येई.

फॅरोने कालवे खोदले, पाणी वाटले आणि त्यातून राज्य उभे राहिले, ही समजूत फार पसरलेली आहे. इ.स.पू. 3100 च्या सुमाराच्या एका गदाशीर्षावर विंचूचे चिन्ह असलेला राजा कुदळ घेऊन चराशी उभा दिसतो, हे खरे. पण पिरॅमिडांच्या काळातल्या अधिकाऱ्यांच्या पदव्यांची लांबलचक यादी चाळली, तर देशभरचे पाटबंधारे सांभाळणारे खाते त्यात दिसत नाही. पाणी खेळवणे हे गावाचे आणि प्रांताचे काम होते.

ते गावांना जमले याचे कारण जमिनीच्या उतारात आहे. पूर काठ ओलांडतो तेव्हा जड रेती काठावरच टाकतो आणि बारीक गाळ आत नेतो. त्यामुळे नाईलचा काठ उंच आणि वाळवंटाकडची बाजू खोलगट झाली. वस्ती काठाच्या उंचवट्यावर बसली. मागच्या खोलगट भागात आडवे मातीचे बांध घातले की भातखाचरासारखी, पण शेकडो हेक्टरांची, खाचरे तयार होत. पूर चढला की काठाला खिंड पाडून पाणी आत घ्यायचे, साधारण एक ते दीड मीटर भरायचे, 40 ते 60 दिवस कोंडायचे आणि नदी उतरली की खालच्या खाचरात किंवा परत नदीत सोडायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफसा आला की बी फोकायचे आणि वरून शेळ्या-मेंढ्या फिरवून ते चिखलात तुडवायचे. पिके आपल्या ओळखीची: खपली गहू, जव आणि तागे विणण्यासाठी जवस. नंतर एकही पाणी न देता मार्च-एप्रिलमध्ये कापणी. बागेला मात्र हाताने पाणी लागे. एका टोकाला बादली आणि दुसऱ्या टोकाला चिखलाचा गोळा लावलेली दांडी नवराज्याच्या (सुमारे इ.स.पू. 1550 ते 1070) काळातल्या चित्रांत दिसते. रहाटगाडगे आले ते ग्रीक राजवटीत.

गाळाचे कौतुक जरा जास्तच होते. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साचे. तितकेच मोलाचे काम क्षार धुण्याचे होते. उन्हाळ्यात भूजल खोल जाई, जमिनीला भेगा पडत आणि पुराचे पाणी त्यांतून झिरपताना क्षार खाली नेई. इराकच्या सखल भागातल्या जमिनी खारावल्या, इथल्या हजारो वर्षे टिकल्या, त्याचे एक मोठे कारण हे.

बिघाड दोन्हीकडून होई. पूर तोकडा आला तर उंचावरची खाचरे कोरडीच राहत. जास्त आला तर बांध फुटत, कोठारांतले बियाणे भिजे आणि पाणी उशिरा उतरल्याने पेरणी लांबे. मग दाणा भरण्याच्या वेळी वाळवंटातला गरम खमसिन वारा गाठी पडे. दुष्काळाची ही गोष्ट आपल्याला परकी नाही: एल निन्योच्या वर्षी इथिओपियाचा आणि भारताचा पाऊस बऱ्याचदा एकत्रच हटतो. 1877 साली नाईलचा पूर फारच खुजा आला, तेव्हा दख्खनही 1876-78 च्या दुष्काळात होरपळत होते.

बांधाची डागडुजी वेठीने होई. ही वेठ इतकी नकोशी होती की मेल्यावर ती आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून थडग्यात ‘उशाब्ती’ बाहुल्या ठेवत. त्यांच्यावर कोरलेल्या मंत्रात शेत पिकवणे, काठाला पाणी देणे आणि वाळू वाहून नेणे ही कामे नावानिशी येतात. तुतनखामुनजवळ अशा 413 बाहुल्या निघाल्या.

राजाचा हात होता तो मोजमापात. पाचव्या राजवंशातल्या पालेर्मो शिलालेखात वर्षागणिक पुराची उंची हात, मुठी आणि बोटांत नोंदलेली आहे. राजहात सुमारे 52.5 सेंटिमीटरचा, त्याच्या 7 मुठी आणि 28 बोटे. पुढे रोमन लेखक प्लिनीने याचा हिशेबच दिला: 12 हात पाणी म्हणजे उपासमार, 13 म्हणजे अजून भूक, 14 ला आनंद, 15 ला निर्धास्तपणा, 16 ला चैन.

पाणी ओसरले की दोरी घेऊन मोजणीदार शेतात उतरत. 100 हात लांब-रुंद तुकडा म्हणजे एक सेचात, ग्रीकांचा अरूरा, आपल्या हिशेबाने सुमारे 27 गुंठे. इ.स.पू. 1143 च्या सुमाराच्या विल्बर पपायरस या जमीन-मोजणीच्या नोंदीत दर अरूरामागे जमिनीच्या प्रतीप्रमाणे 5, साडेसात किंवा 10 पोती उत्पन्न धरले आहे. पोते साधारण 77 लिटरचे. सारा ठरे तो अशा अंदाजावर.

या व्यवस्थेला धक्का लागला एकोणिसाव्या शतकात. कापसाला उन्हाळ्यातही पाणी हवे, म्हणून इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहंमद अली याच्या काळापासून बारमाही कालवे खोदले गेले. 1902 मध्ये आस्वानचा पहिला बंधारा झाला आणि 1970 मध्ये मोठे धरण पुरे झाले. गाळ आता धरणामागच्या नासर जलाशयात अडतो. भूजल वर्षभर वरच राहते, पिकाला रासायनिक खत घालावे लागते आणि क्षार उतरावेत म्हणून शेताखाली सच्छिद्र निचरा-नळ्या पुराव्या लागतात.